सोलापुरात बसून पटकथा कशी लिहायची आणि विकायची: पहिल्या वाक्यापासून पेमेंटपर्यंत

‘एक भन्नाट स्टोरी आहे, फक्त प्रोड्युसर पाहिजे’ हे वाक्य सोलापुरात पार्क चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. त्यात नागराज मंजुळे आपल्या करमाळ्याच्या जेऊरचे, त्यामुळे जिल्ह्यात आता गल्लीगणिक एक डायरेक्टर आणि दोन लेखक निघालेत. चांगलंच आहे की. स्टोऱ्याही खरंच भन्नाट असतात, फक्त त्या डोक्यात असतात, आणि डोक्यातल्या स्टोरीला ना प्रोड्युसर पैसे देतो ना कायदा विचारतो. दोघांनाही कागद लागतो. म्हणून खाली जे काही सांगतोय ते सगळं एकाच कामाचं आहे: डोक्यातलं टप्प्याटप्प्याने कागदावर कसं आणायचं, आणि प्रत्येक टप्प्याच्या कागदाचं पुढे करायचं काय.

नुसत्या सूचना वाचून डोक्यात काही राहत नाही, म्हणून एक गोष्ट इथेच रचू आणि शेवटपर्यंत तीच वापरू. नायिका आहे सोलापूरच्या पूर्व भागातली नरसम्मा, घरी तेलुगू बोलणारी, बिड्या वळणारी.

पहिली पायरी: विषय नको, गोष्ट सांगा

‘बिडी कामगार बायकांचं जीवन’ हा विषय झाला. ‘गड्डा यात्रा’ हा पण विषय. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ हा तर लई मोठा विषय, पण १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी एकाच्या घरी आदल्या रात्री काय चाललं असेल, इथून गोष्ट सुरू होते. विषयावर भाषण होतं, निबंध होतो, डॉक्युमेंटरी होते. पटकथेला मात्र एक माणूस लागतो, त्याला काहीतरी हवं असावं लागतं, कुणीतरी किंवा काहीतरी आडवं यावं लागतं आणि घड्याळ चालू असावं लागतं.

नरसम्माचं एका वाक्यात असं होतं: सत्तावीस वर्षं बिड्या वळलेली नरसम्मा मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी शेवटच्या तारखेच्या आत भरायची म्हणून स्वतःचा पीएफ काढायला जाते, पण ती लहानपणी मोठ्या बहिणीच्या कार्डावर कामाला लागलेली असल्यामुळे सगळे पैसे बहीण राजम्माच्या नावावर आहेत, आणि राजम्मा भिवंडीत आहे, जिच्याशी ती पंधरा वर्षं बोललेली नाही.

याला लॉगलाइन म्हणतात. त्यातला एकेक तुकडा काढून बघा. फीची शेवटची तारीख काढली तर नरसम्मा निवांत पुढच्या वर्षी जाऊ शकते, म्हणजे गोष्ट झोपली. बहिणींमधला अबोला काढला तर एक फोन केला की काम झालं, म्हणजे सिनेमा दहा मिनिटांचा. जो तुकडा काढल्यावर काहीच बिघडत नाही तो लॉगलाइनमध्ये नको, बहुतेक वेळा सिनेमातही नको. हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका, आणि खरं सांगायचं तर इथे आठवडे जातात, जाऊ द्या, कारण इथे वाचवलेला वेळ नंतर सत्तराव्या पानावर व्याजासकट भरावा लागतो.

मग फिरा

सोलापूरचा लेखक इथे मुंबईवाल्याच्या पुढे आहे. त्याला बिडी वळणारी बाई गुगलवर शोधावी लागते, तुम्हाला रिक्षाने जाता येतं. पण जाऊन ‘तुमच्या व्यथा सांगा’ असं विचारलंत तर पत्रकाराला देतात तीच उत्तरं मिळतील. कामाबद्दल विचारा. पान कधी भिजवता, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कसं कापता, मांडीवरचं सूप कितव्या वर्षी हातात आलं, मजुरी हजार बिड्यांमागे आहे तर आजारी पडलं की हजार कोण पूर्ण करतं, बिडी कंपनीच्या ब्रँचमध्ये, म्हणजे वळलेल्या बिड्या जमा करायच्या जागी, माल तपासणारा कुठली बिडी बाजूला काढतो आणि तेव्हा बायका काय बोलतात. अशा बोलण्यातून सीन मिळतात. दुसऱ्याच्या कार्डावर काम करणं हा तपशीलही असाच कुणाच्या तरी बोलण्यात सहज येऊन जाणारा, मुद्दाम विचारलं तर कुणी सांगणार नाही.

जुन्या काळावर लिहिणार असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात बसा, जुने अंक, स्मरणिका, गिरण्यांच्या काळातल्या लोकांच्या आठवणी वाचा. आणि जिवंत माणसाकडून ऐकलेलं वापरताना नाव, गल्ली, ओळख पटेल असे तपशील बदला. गोष्ट फारच त्या एका माणसाची असेल तर लेखी परवानगी घ्या, दोन ओळींची का असेना. तोंडी ‘लिही की बाळा’ म्हणणारे काका सिनेमा हिट झाल्यावर वेगळे असतात.

पुस्तकावरून लिहायचं असेल तर हिशोब वेगळा. आपल्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घ्या. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बासांनी पुस्तक लिहिलं आणि १९४६ साली व्ही. शांतारामांनी सिनेमा केला. डॉक्टरांच्या आयुष्यातल्या घटना, सोलापूरचा जन्म, चीनला जाणं, तिथलं काम, या कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्यावर तुम्ही आजही स्वतंत्रपणे लिहू शकता. पण अब्बासांनी ते ज्या पद्धतीने मांडलं, जे प्रसंग रचले, ते त्यांचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, अब्बास १९८७ मध्ये गेले, म्हणजे २०४७ संपेपर्यंत त्यांच्या वारसांची परवानगी लागणार. तुमच्या आवडत्या मराठी कादंबरीचाही हिशोब असाच लावा आणि हक्क हातात नसताना त्यावर पटकथा लिहीत बसू नका, कारण ती कितीही चांगली झाली तरी विकता येत नाही.

सिनॉप्सिस, ट्रीटमेंट, वनलाइन

हे तीन शब्द लोक कसेही वापरतात, म्हणून समोरच्याने मागितलं की ‘साधारण किती पानं हवीत?’ असं सरळ विचारा. ढोबळमानाने सिनॉप्सिस एक ते दोन पानं, पूर्ण गोष्ट, शेवटासकट. शेवट लपवून ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच’ असं लिहिणारे बरेच असतात, ते करू नका, वाचणारा प्रेक्षक नाहीये, त्याला पैसे घालायचेत. ट्रीटमेंट दहा-पंधरा पानं, वर्तमानकाळात, सिनेमा डोळ्यांसमोरून जाईल अशी, संवाद नाहीत किंवा अगदी एखाद-दुसरा. आणि वनलाइन म्हणजे नावाप्रमाणे प्रत्येक सीनची एकेक ओळ, ओळीने लावलेली.

सगळ्यात जास्त वेळ या वनलाइनवर घालवा. दोन तासांच्या मराठी सिनेमाला साधारण साठ ते ऐंशी सीन धरा. प्रत्येक सीनला एक कार्ड करा, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चालतात, नाहीतरी घरात ढीग असतोच. कार्डावर दोनच गोष्टी लिहायच्या: सीनमध्ये काय घडतं आणि सीन संपताना काय बदललेलं असतं. दुसरी गोष्ट लिहिताच येत नसेल तर तो सीन नाही, ती माहिती आहे, दुसऱ्या कुठल्यातरी सीनमध्ये घुसवा. मग शेजारशेजारची दोन कार्डं वाचताना मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतंय का बघा. ‘आणि मग’, ‘आणि मग’ असंच येत राहिलं तर पोथी वाचल्यासारखं होतंय.

आता नरसम्मा लावून बघू. सुरुवातीला तिचं काम, घर, मुलगी, कॉलेजची यादी लागते, नंबर येतो. म्हणून पीएफ ऑफिस. पण तिथे कार्डावरचं नाव राजम्मा. इथपर्यंत साधारण पहिली पंचवीस मिनिटं. म्हणून ती सोप्या वाटा शोधते, एजंट, अॅफिडेव्हिट, नगरसेवकाचं पत्र, प्रत्येक वाटेत थोडे पैसे जातात आणि एक दिवस जातो. बरोबर मधोमध तिला कळतं की ‘राजम्मा आणि नरसम्मा एकच’ असं शपथेवर लिहून दिलं तर तो गुन्हा आहे, कारण राजम्मा जिवंत आहे. इथे सिनेमा वळतो. तोपर्यंत ती ऑफिसशी भांडत होती, आता तिला बहिणीसमोर जायचंय. म्हणून भिवंडी. आपल्याकडची विणकर घरं कामासाठी भिवंडीला गेली हे सोलापूरकराला सांगायला नको, पण प्रेक्षकाला दाखवावं लागेल. राजम्मा सही करायला तयार होते पण अट घालते (ती अट काय, हे सगळ्यात महत्त्वाचं कार्ड, ते तुमचं तुम्ही शोधा, मी चार लिहून चारही फाडली). आणि शेवटी नरसम्मासमोर प्रश्न असा की राजम्माच्या सहीने पैसे मिळतील, मुलगी शिकेल, पण कागदावर कायमचं ठरेल की सत्तावीस वर्षं काम नरसम्माने केलंच नाही.

शेवट असा निवडीवर यावा, योगायोगावर नको. चांगला साहेब येतो आणि सही करतो, लॉटरी लागते, मुलीला स्कॉलरशिप मिळते, हे सगळं लिहायला सोपं जातं. योगायोगाने नायिका संकटात सापडली तर लोक मान्य करतात, योगायोगाने सुटली तर नाही करत.

पान कसं दिसतं

इंग्रजीत कुरिअर फॉन्ट, १२ पॉइंट, एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशोब आहे. देवनागरीत तो जसाच्या तसा लागत नाही, मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींमधलं अंतर वाढतं, फॉन्टगणिक पान बदलतं. म्हणून मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि सीन मोठ्याने वाचून काढा, कृती असेल तिथे ती डोळ्यांसमोर घडायला लागेल तेवढं थांबा. सॉफ्टवेअरचं लोक फार डोक्यावर घेतात. गुगल डॉक्स पुरतं. फक्त टाइप युनिकोडमध्ये करा. डीटीपीवाल्या मित्राकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली फाइल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसत्या चिन्हांचा कचरा दिसतो, आणि परत पाठवा म्हणायला कुणी फोन करत नाही. पाठवताना पीडीएफ, पानांना नंबर, पहिल्या पानावर नाव, तुमचं नाव, ईमेल, ड्राफ्टची तारीख. गणपतीचं चित्र नको.

सीनच्या डोक्यावर चार गोष्टी: नंबर, आतला की बाहेरचा, कुठे, कधी. त्याखाली जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच. ‘नरसम्माला खूप वाईट वाटतं, तिला तिचे कष्टाचे दिवस आठवतात’ हे शूट करता येत नाही. कॅमेरामन तुम्हालाच विचारेल, काय लावू सर?

एक सीन लिहून दाखवतो.

सीन १४ / आत / बिडी ब्रँच / सकाळ

बायकांची रांग. नरसम्मा (४२) गाठोडं टेबलावर सोडते. तपासणारा बिड्या चाळतो, एक मूठ बाजूला टाकतो. आणखी एक मूठ. नरसम्मा बाजूला टाकलेल्यातली एक बिडी उचलून त्याच्यासमोर धरते.

नरसम्मा: ह्यात काय वाईट हाय ओ?

तपासणारा (न बघता): पान.

नरसम्मा: पान तुमचंच की ओ.

रांगेतली एक बाई हसते. तपासणारा वर बघतो. तिसरी मूठ बाजूला टाकतो. रजिस्टर ओढतो.

तपासणारा: नाव?

नरसम्मा मागच्या रांगेकडे एकदा बघते.

नरसम्मा (हळू): राजम्मा.

एवढंच. आधीच्या सीनमध्ये शेजारणीने तिला ‘नरसम्मा’ म्हणून हाक मारलेली आहे, त्यामुळे प्रेक्षकाच्या डोक्यात खट्कन लागतं, आणि ‘मी बहिणीच्या नावावर काम करते’ हे कुणालाच बोलावं लागत नाही. पान कंपनीच देते आणि पानावरूनच माल बाजूला काढते, हा सगळा व्यवहार चार शब्दांत आला. आणि नरसम्मा गरीब बिचारी नाहीये, तिला तोंड आहे, आणि त्या तोंडाची किंमत तिसरी मूठ आहे, हेही आलं. मग सीन तिथेच कापायचा. ती बाहेर पडते, रस्ता ओलांडते, उसासा टाकते, हे लिहायची लई इच्छा होते पण आवरा.

संवाद आणि सोलापुरी

‘काय बे’, ‘लई’, ‘की ओ’ प्रत्येक ओळीत कोंबलं की सोलापुरी होत नाही, त्याची कॉमेडी रील होते. आपली भाषा शब्दांपेक्षा चालीत आहे, वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘की’मध्ये आहे, कन्नड-तेलुगूच्या शेजारात वाढलेल्या ठेक्यात आहे. शिवाय एकच माणूस दिवसभरात चार भाषा बोलतो. नरसम्मा मुलीशी तेलुगूत, ब्रँचमध्ये मराठीत, रिक्षावाल्याशी दखनी हिंदीत, आणि पीएफ ऑफिसात टीव्हीवरून ऐकलेल्या, तिला जड जाणाऱ्या प्रमाण मराठीत बोलेल. ती कुठल्या क्षणी कुठली भाषा सोडते यातच तिची भीती कळते. पटकथेत तेलुगू संवाद मराठीतच लिहा आणि कंसात ‘तेलुगूत’ असं टाका, वाचणाऱ्याला अर्थ कळला पाहिजे, अचूक तेलुगू नंतर जाणकाराकडून करून घेता येतं.

पहिला ड्राफ्ट झाला की महिनाभर तोंड बघू नका त्याचं. मग चार जणांना बसवून मोठ्याने वाचून घ्या. हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका, नाटक करणारी पोरं शहरात भरपूर आहेत, चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणीवर येतात. तुम्ही स्वतः वाचू नका, नुसतं ऐका, आणि कुठे कुणी मोबाइल काढला त्या पानावर खूण करा. नंतरच्या ‘मस्तंय, मस्तंय’पेक्षा ती खूण जास्त खरी असते. दुसरा ड्राफ्ट बहुतेक वेळा पंधरा-वीस पानांनी बारीक होतो, झालाच पाहिजे.

चोरीची भीती आणि त्यावरचा खरा उपाय

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: स्टोरी ढापली तर? कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या. कल्पनेला कॉपीराइट नाही. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय, की कल्पना, विषय, थीम, कथानक यावर कुणाची मालकी नाही, ती कशी मांडली त्यावर आहे. तिथे नाटककाराने सिनेमा आपल्या नाटकावरून घेतल्याचा दावा केला होता आणि तो हरला. म्हणजे ‘बिडीवाली बाई आणि पीएफ’ एवढंच तुम्ही कुणाला टपरीवर सांगितलं आणि त्याने त्यावर स्वतःचा सिनेमा लिहिला तर तुमच्या हातात काही नाही. पण पात्रं, प्रसंगांची साखळी, सीन १४, हे सगळं लिहिलेलं असेल तर ते तुमचं. जितकं तपशिलात लिहाल तितकं संरक्षण.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, नोंदणी हा पुरावा. दोन मार्ग आहेत. एक, मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन, जी आधी फिल्म रायटर्स असोसिएशन होती, तिचं मेंबर होऊन ऑनलाइन स्क्रिप्ट रजिस्टर करायची, सोलापुरातून घरबसल्या होतं, पीडीएफच्या पानांवर तारखेचा शिक्का येतो. दोन, केंद्र सरकारच्या कॉपीराइट ऑफिसमध्ये साहित्यकृती म्हणून अर्ज, फी ५०० रुपये, पण वेळ लागतो, अर्जानंतर हरकतींसाठीच ३० दिवस थांबावं लागतं. कुणाला पाठवायच्या आधी पहिला मार्ग तरी कराच. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न उघडता ठेवायचं, हा जुना उपाय अजून लोक सांगतात, त्यावर विसंबू नका.

आणि रोजच्या व्यवहारातली सवय याहून कामाची. कुणाला भेटून गोष्ट ऐकवली की त्याच दिवशी मेल टाका: ‘आज भेटून बरं वाटलं, सांगितल्याप्रमाणे अमुक नावाच्या कथेचा सिनॉप्सिस जोडतोय.’ उत्तर नाही आलं तरी तारीख राहते. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवून स्टोरी सांगणं बंद करा.

कुणाला आणि कसं विकायचं

मराठीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी क्रेडिट्स असतात आणि तीन वेगळी माणसं असू शकतात. नवीन माणसाला आत शिरायला संवादाचं दार सोपं असतं, विशेषतः टीव्हीत.

टीव्हीचं काम कसं चालतं ते थोडं बघा, कारण सिनेमापेक्षा महिन्याचा किराणा तिथे भरला जातो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी असे चॅनल, त्यांची फिक्शनची टीम. मालिका बनवणारं प्रॉडक्शन हाऊस वेगळं, त्यांचा क्रिएटिव्ह, म्हणजे गोष्टीवर लक्ष ठेवणारा माणूस, वेगळा. कथालेखक पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठे जाणार ते, लिहितो, चॅनलशी चर्चा होते, मग पटकथालेखक एपिसोड सीनमध्ये तोडतो, आणि मग संवादलेखक संवाद लिहितो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा मजकूर, ब्रेकच्या आधी काहीतरी टांगून ठेवायचं, शेवटी हुक, म्हणजे उद्याचा एपिसोड बघायला लावणारं काहीतरी. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर ट्रॅक फिरू शकतो. एखादी नटी आजारी पडली तर सकाळी फोन येतो की आजचे तीन सीन तिच्याशिवाय लिहून द्या. यात कला नाही असं नाक मुरडणारे भेटतील, पण रोज एपिसोड लिहून हाताला जो वेग येतो तो दुसरीकडे कुठे येत नाही. उलट बाजूही आहे, दोन वर्षं फक्त हुक लिहिले की शांत सीन लिहायचा हात जातो, तेव्हा स्वतःचं काहीतरी बाजूला चालू ठेवा.

संवादाचं काम सोलापुरातून मेलवर होऊ शकतं. कथा-पटकथेच्या मीटिंगाही आता बऱ्याच ऑनलाइन होतात. पण पहिली ओळख प्रत्यक्ष भेटीनेच होते, त्यामुळे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री मुंबईला निघायचं आणि एका फेरीत तीन-चार भेटी लावायच्या, अंधेरी पश्चिम आणि आरामनगर एका दिवसात होतं. जाताना एक पूर्ण पटकथा, दोन सिनॉप्सिस आणि टीव्हीसाठी दोन नमुना सीन तयार पाहिजेत. नॅरेशनला, म्हणजे गोष्ट तोंडी ऐकवायला, वीस मिनिटं धरा, कागद न बघता सांगता आलं पाहिजे, आणि मोठे नट कोण घ्यायचे, म्युझिक कुणाचं, हे त्यांना सांगू नका. ‘टेस्ट सीन’ मागतील, एखादा द्या, फुकट पाच एपिसोड लिहून देऊ नका. ‘भाषा सल्लागार’ म्हणून सोलापुरी करून द्यायला बोलावलं तर पैसे आणि नाव आधी ठरवा, कारण सल्ला म्हणता म्हणता सगळे संवाद तुमच्याकडून लिहून होतात.

ओळखीच नसतील तर लॅब आणि कोर्सकडे बघा. एनएफडीसीची, म्हणजे सरकारी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, स्क्रीनरायटर्स लॅब असते, तिथे अर्ज करता येतो, मराठीतल्या गोष्टीला भाषेची अडचण नाही पण अर्जाचे कागद इंग्रजीत नीट करावे लागतात. पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे पटकथेचे छोटे कोर्सही होतात, हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. कुठल्याही क्लासवाल्याने ‘मालिकेत काम मिळवून देतो’ म्हणून मोठी फी मागितली तर उठून या.

करार वाचायचा कसा

इथे बहुतेक जण पहिलं काम मिळाल्याच्या आनंदात डोळे मिटून सही करतात. थांबा, दोन दिवस मागून घ्या. कराराशिवाय तर सुरूच करू नका, ‘आपण घरचेच आहोत’ म्हणणाऱ्याला विशेषकरून लेखी मागा.

पैसे कशाला बांधलेत ते आधी बघा. ‘शूटिंग सुरू झाल्यावर’, ‘रिलीजनंतर’ असे हप्ते तुमच्या हातात नसलेल्या गोष्टींना बांधलेले असतात आणि अर्धे सिनेमे तिथवर पोचत नाहीत. हप्ते तुमच्या कामाला बांधा: सहीच्या वेळी सायनिंग अमाउंट, मग ट्रीटमेंट दिल्यावर, पहिला ड्राफ्ट दिल्यावर, शेवटचा ड्राफ्ट दिल्यावर. किती ड्राफ्ट या पैशात, ते आकड्यात लिहून घ्या, नाहीतर अकरावा ड्राफ्टही ‘थोडेसे बदल’च असतो.

मग हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, त्यात हक्क देताना कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहायला सांगितलंय. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रोड्युसर वर्षभर नुसता बसून राहिला तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तेव्हा ते हक्क परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच करारात हटकून ‘वेगळं काही’ म्हटलेलं असतं. ती ओळ शोधा आणि निदान ‘तीन वर्षांत शूट झालं नाही तर हक्क परत’ एवढं तरी मागा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली, थिएटरमध्ये सिनेमा दाखवणं सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा लेखकाचा, आणि तो हक्क तुम्ही लिहून दिला तरी सोडता येत नाही. हातात रॉयल्टी पडण्याचा रस्ता अजून लांबचा आहे, पण ‘सर्व रॉयल्टी सोडत आहे’ हे वाक्य दिसलं तर खोडायला सांगा.

क्रेडिट कुठे, कसं, टायटलमध्ये, पोस्टरवर, ट्रेलरमध्ये, हे लिहून घ्या. नंतर दुसरा लेखक आणला तर तुमचं नाव राहणार का, हे पण. मधेच काढलं तर झालेल्या कामाचे पैसे किती, तेही आत्ताच, कारण तेव्हा कुणी फोन उचलत नाही. आणि नुकसानभरपाईच्या कलमात ‘कोणताही दावा आला तर सगळा खर्च लेखकाचा’ असं असेल तर ते तुम्ही मुद्दाम चोरी केल्यापुरतंच मर्यादित करून मागा. सगळ्या अटी मान्य होणार नाहीत, नवीन माणसाच्या तर नाहीतच, पण मागितल्याशिवाय कुठली सुटते ते कळत नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशन मेंबरांना कराराबाबत सल्ला देते, वाद झाला तर त्यांची समिती आहे. मराठीत काम करणाऱ्यांची मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची ‘मानाचि’ ही संघटनाही आहे. गावातला वकील मित्र चांगला असेल, पण जमिनीचे कागद बघणारा माणूस हे कलम १९ बघेलच असं नाही.

बिल आणि वसुली

टीव्हीत पैसे एपिसोडमागे ठरतात आणि ९० दिवसांनी येणं हे तिथे नेहमीचं आहे, म्हणजे जानेवारीत लिहिलेल्याचे पैसे साधारण एप्रिल-मेमध्ये. पहिले तीन-चार महिने घर कशावर चालणार याची सोय करून मगच नोकरी सोडा, किंवा सोडूच नका, रात्री लिहा. महिन्याच्या महिन्याला बिल पाठवा, त्यावर मालिकेचं नाव, एपिसोड नंबर, तुमचं क्रेडिट, पॅन, बँक खातं, आणि मेलनेच पाठवा म्हणजे ‘मिळालंच नाही’ म्हणता येत नाही. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर बघत राहा, आणि उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा, कापलेले परत मिळतात. वर्षाची कमाई २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तो दिवस येईपर्यंत एक साधी वही पुरते: कुणाकडे काय पाठवलं, कधी, किती ठरले, किती आले, किती राहिले. राहिलेल्या रकमेसाठी आधी मेल, मग पंधरा दिवसांनी परत मेल, मग असोसिएशनकडे तक्रार, आणि बाकी चुकती होईपर्यंत त्या माणसाला पुढचा ड्राफ्ट पाठवायचा नाही.